भोईरकाकांची नवार

पहिल्या दिवशी मी त्यांना पालक समजले होते. पेणच्या आमच्या कॉलेजात मीडियाचा अभ्यासक्रम नवा होता, आणि सुरुवातीच्या दिवसांत पोरांसोबत एखादा बाप किंवा मामा वर्गाच्या दारापर्यंत यायचाच. त्यामुळे पन्नाशी उलटलेला, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि पायांत जाडजूड काळे बूट घातलेला माणूस शेवटच्या बाकावर वही उघडून बसलेला दिसला, तेव्हा मी सरळ म्हटलं, "काका, पालकांनी बाहेर थांबायचं."

ते उभे राहिले. "मॅडम, मी ॲडमिशन घेतलीय," असं म्हणून त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र हातभर पुढे केलं. जनार्दन भोईर, प्रथम वर्ष. वर्ग खदाखदा हसला. मीही हसले. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली आणि 'करा सुरू' अशी मान हलवली.

रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत त्यांनी चोवीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. मग कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. तिच्यात स्वेच्छा कुणाची असते हे आपण विचारायचं नसतं. दोन्ही मुलींची लग्नं झालेली, घरी फक्त बायको. "दिवसभर घरात दिसायला लागलो तं बायको बोलली, कायतरी करा, नायतर मी माहेरी जाते. म्हणून हा कोर्स घेतला." हे ते सगळ्यांना सांगायचे. मलाही हेच सांगितलं, आणि मी ते मानलं, कारण मानायला सोपं होतं.

सकाळच्या गाडीने रोह्याहून पेण, दुपारच्या गाडीने परत. गाडी चुकली तर एसटी, पण त्यांची गाडी चुकायची नाही. डब्यात बहुतेक वेळा वालाचं बिरडं असायचं आणि ते अर्ध्या वर्गाला पुरायचं. पोरं आधी त्यांना 'अंकल' म्हणत होती. बिरडं खाल्ल्यावर ते 'काका' झाले.

त्यांच्या वहीत प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले असत. वेळ, स्थिती, शेरा. माझ्या तासाचं एक पान मी एकदा चोरून वाचलं. 'दहा दहा, मॅडम आल्या. दहा पस्तीस, मागची दोन बाकं झोपली. शेरा: पंखा बंद.' माझ्या शिकवण्याचं इतकं खरं परीक्षण आजवर कुणी केलेलं नाही.

तब्येत विचारली तर "नॉर्मल." पेपर कसा गेला? "नॉर्मल." थोरल्या मुलीला मुलगी झाली तेव्हा पेढे घेऊन आले. मी विचारलं, "सगळं ठीक ना?" तर म्हणाले, "नॉर्मल." दोन्ही अर्थांनी. कुणीही काहीही विचारलं तरी हा एक शब्द पुढे करून ते मागे उभे राहायचे. मला तो त्यांचा साधेपणा वाटायचा.

तास संपला की पोरं कँटीनकडे पळायची. काका हलायचे नाहीत. रिकाम्या वर्गात फळ्याजवळ उभे राहायचे आणि पुढचे शिक्षक आले की त्यांना सांगायचे, "मुलं चहाला गेलीत, डस्टर टेबलावर हाय, उजव्या हाताचा पंखा आवाज करतो." मग स्वतः चहाला जायचे. इंग्रजीचे सर मला म्हणाले, "अहो, हा माणूस मला रोज वर्गाचा चार्ज देतो. मला शिपायासारखं वाटतं." मी ते काकांना हसत हसत सांगितलं. ते म्हणाले, "रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची नाय, आणि तोंडानं सांगितल्याबिगर तं नायच नाय."

लिहिलेल्या कशावर त्यांचा विश्वास नव्हता. आमच्या मजल्यावर पाण्याचा कूलर होता. त्याला एक कार्ड लटकवलेलं होतं, दर आठवड्याला टाकी धुतल्याची सही. सगळ्या सह्या व्यवस्थित. काकांनी एक दिवस स्टूल लावून वरचं झाकण उघडलं आणि मला बोलावलं. आत पाल तरंगत होती, आणि आजची नव्हती. "कार्ड वाचू नका मॅडम," ते म्हणाले, "झाकण उघडून बघा." त्यानंतर मी कॉलेजातलं पाणी प्यायचं सोडलं, पण प्राचार्यांकडे तक्रार मात्र त्यांनी केली, मी नाही.

एकदाच मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. आमच्या वर्गात स्नेहल नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. तिच्या वडिलांचा पेणमध्येच गणपतीचा कारखाना. गणपती महिन्यावर आले की घरातल्या सगळ्यांचे हात रंगात, त्यामुळे तिला दुपारी लवकर जायचं असायचं. त्या दिवशी तिने हजेरीच्या कागदावर चालू तासाची सही केली आणि त्याच दमात पुढच्या दोन तासांचीही करून टाकली. सगळेच करायचे. काकांनी तो कागद तिच्या हातातून ओढला. "जो तास झालाच नाय त्याची सही कशी केलीस गो तू?" त्यांनी कागद फाडला, चार तुकडे केले. स्नेहल रडायला लागली. मी काकांनाच रागावले. म्हटलं, "हजेरीवरून एवढं कुणी करतं का? कंपनी आहे का ही?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी स्नेहलसाठी त्यांनी वेगळा डबा आणला होता.

दुसऱ्या वर्षाला मी त्यांना पटकथा शिकवत होते. त्यात न्वार नावाचा सिनेमाचा एक प्रकार येतो. मी फळ्यावर शब्द लिहिला, उच्चार करून दाखवला. काकांनी वहीत 'नवार' असं लिहिलं आणि हात वर केला. "मॅडम, खाटेची असते ती?"

"काका, फ्रेंच शब्द आहे," स्नेहल म्हणाली. "काळा, असा अर्थ."

"मग काळी नवार," ते म्हणाले आणि तसं लिहून घेतलं. त्या दिवसापासून आमच्या कॉलेजात त्या सगळ्या प्रकाराला नवारच म्हणतात. परीक्षेतसुद्धा तीन मुलांनी तसं लिहिलं आणि मी मार्क दिले.

मी समजावून सांगत होते. या सिनेमातला नायक काही गुंड नसतो. साधा माणूस असतो. तो एक छोटीशी चूक करतो, रोजच्यातली, चारचौघं करतात तशी. मग एकेक वाट बंद होत जाते. पोलिस पकडोत न पकडोत, त्याची सुटका नसते. मला माझंच बोलणं आवडत होतं. तेवढ्यात काकांचा हात पुन्हा वर.

"छोटी म्हणजे किती छोटी?"

"इतकी की करताना कळूही नये."

"आणि कळत असंल तर?"

"मग सिनेमा अजून चांगला," मी म्हणाले. वर्गात हशा झाला. हे वाक्य परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं.

त्याच हिवाळ्यात एक स्पर्धा आली. विद्यार्थ्यांनी दहा मिनिटांच्या सिनेमाची कल्पना मांडायची, मुंबईहून तीन परीक्षक येणार, ज्यांची कल्पना निवडली जाईल त्यांना दोन दिवस कॅमेरा, कॅमेरामन आणि पुढचं सगळं काम फुकट. आमच्या कॉलेजसाठी हे फार मोठं होतं. मी गट पाडले. स्नेहलच्या गटात काका पडले, किंवा खरं सांगायचं तर कुणी घेत नव्हतं म्हणून तिने त्यांना घेतलं. फाडलेल्या कागदाचं तिने मनात ठेवलं नव्हतं.

त्यांची बैठक स्नेहलच्या वडिलांच्या कारखान्यात बसायची. मी दोन-तीनदा गेले. पेणला हे काम वर्षभर चालू असतं, हिवाळ्यातही मांडण्या भरलेल्या. पांढऱ्या मूर्तींच्या रांगाच रांगा, अजून रंग नाही, डोळे नाहीत. डोळे सगळ्यात शेवटी काढतात, त्याला आखणी म्हणतात, आणि ते काम स्नेहलचे वडील दुसऱ्या कुणाला करू देत नसत. काका दोन रांगांच्या मधे पाटावर बसून बोलायचे. एरवी एका शब्दात आटपणारा माणूस तिथे मोकळा व्हायचा. मी विचारलं, तर मूर्तींकडे हात करून म्हणाले, "इथं बरं वाटतं. अजून कुणाला दिसत नाय." एका बैठकीच्या दिवशी एक रांग आखून झालेली होती. त्या दिवशी त्यांनी पाट उचलला आणि अंगणात जाऊन बसले.

गोष्ट त्यांची होती. "एक ऑपरेटर होता," एवढीच त्यांची सुरुवात. स्नेहलला त्यात पाऊस हवा होता, रात्र हवी होती, सिगारेटचा धूर आणि लाल साडीतली बाई हवी होती. काका धुराला तयार झाले. साडीलाही तयार झाले. रात्रीला नाही.

"दुपारी अडीचची गोष्ट हाय."

"काका, नवार दुपारी नसते," स्नेहल म्हणाली. "अंधार पाहिजे ना."

"रात्री कंपनीत जास्त उजेड असतो, गो. सगळे लाइट लावलेले. एकेक पाइप दिसतो. दुपारीच कुणाचं लक्ष नसतं."

स्नेहलने माझ्याकडे बघितलं. मला ते पटलं. पटलं म्हणजे आवडलं. उन्हातली नवार, असं काही परीक्षकांनी पाहिलेलं नसणार. मी म्हटलं, दुपारच ठेवा, आणि मांडणी काकाच करतील. मला त्यांचं कौतुक होतं, नाही असं नाही. पण पोटात कुठेतरी कॉलेजचं नावही होतं आणि माझंही. मी त्यांना घड्याळ लावून सात मिनिटं बोलायला बसवलं. कुठे थांबायचं, कुठे परीक्षकांच्या डोळ्यांत बघायचं, सगळं शिकवलं. ते म्हणाले, "मॅडम, डोळ्यांत बघितलंच पायजे का?"

"पाहिजेच," मी म्हणाले.

स्पर्धा आमच्याच सभागृहात झाली. दोन पुरुष परीक्षक, एक बाई, तिघांपुढे पाण्याच्या बाटल्या. आधीच्या गटांनी भुतं आणि प्रेमभंग मांडले. मग काका उभे राहिले. स्नेहल मागे पडद्यावर चित्रं बदलत होती. पहिल्या मिनिटानंतर तिने चित्रं बदलायची थांबवली.

"माझा हिरो ऑपरेटर हाय," काका म्हणाले. "पहिली शिफ्ट, सात ते तीन. दर तासाला टाकीचं टेंपरेचर बघायचं आणि रजिस्टरात लिवायचं. तीनचं रीडिंग तीनलाच घ्यायचं असतं. पण तीन दहाला कंपनीची बस सुटते. त्याच्या आधी हात धुवायचे, कपडे बदलायचे, गेटवर पंचिंग. म्हणून सगळेच तीनचं रीडिंग अडीचला लिवून टाकतात. दोनला जे होतं तेच. वर्षानुवर्षं कायपण होत नाय. एक दिवस टाकी अडीचच्या नंतर तापते. पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर येतो. दोस्त हाय. तो रजिस्टर बघतो, नॉर्मल. म्हणून सॅम्पल काढायला झाकण उघडतो." ते थांबले. मी शिकवलेल्या जागी नाही, भलत्याच जागी थांबले. "हिरो तवा बसमधे असतो. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश असतो. भाजलेला दोस्त चार दिवसांनी जातो. चौकशी होते. रजिस्टर बोलतंय नॉर्मल, मंजे चूक झाकण उघडणाऱ्याची. त्या कागदावर हिरो साक्षीदार म्हणून सही करतो. फिल्म एवढीच हाय."

मधल्या परीक्षकाने चष्मा काढला. "उत्तम. अगदी घट्ट गोष्ट आहे. तुम्हाला ही सुचली कशी?"

"सुचली नाय, साहेब. ती सही माझी हाय."

परीक्षक बाईंनी टाळी वाजवली. मग दुसरी टाळी, मग सगळं सभागृह. पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मीसुद्धा वाजवल्या. थांबायला हवं होतं हे मला कळत होतं आणि हात थांबत नव्हते. काका दोन्ही हात पुढे बांधून टाळ्या संपायची वाट बघत उभे राहिले. नंतर स्टेशनवर गाडीची वाट बघताना मला म्हणाले, "मला वाटलं व्हतं कुणीतरी ओरडंल."

त्यांची कल्पना निवडली गेली. अट एकच होती. गोष्ट खरी असल्यामुळे मयताच्या घरच्यांची लेखी संमती आणायची. स्नेहलने ते संमतीपत्र छापूनही आणलं. परीक्षक बाईंनी तर सुचवलं होतं की विधवेचं पात्र वाढवा, सिनेमात बाईची बाजू कमी पडते. "बाई हाय," काका म्हणाले होते. "खांबला राहते."

गेलेल्या मित्राचं नाव उस्मान. खांब गावात, हायवेपासून आत त्याचं घर. आम्ही दोघं पेणहून एसटीने निघालो. रस्त्याचं काम चालू होतं, गाडी डायव्हर्जनवरून धूळ खात चालली होती आणि काका मांडीवर एक पिशवी धरून बसले होते. पिशवीत वालाच्या ओल्या शेंगा. दर हिवाळ्यात ते उस्मानच्या घरी शेंगा घेऊन जायचे. सात वर्षं. "जातो, बसतो, चहा पितो, येतो," ते म्हणाले. "बोलायचंच ऱ्हातं."

म्हणजे उस्मानच्या बायकोला त्यांनी काहीच सांगितलेलं नव्हतं. सभागृहात दोनशे माणसांसमोर जे बोलले ते या एका बाईपुढे त्यांना सात वर्षं जमलं नव्हतं. आणि मला ते गाडीत, नागोठणं मागे टाकल्यावर कळलं. मी म्हटलं, "काका, परत जाऊ या का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाहेर बघत राहिले.

हमीदाभाभींनी दारातच शेंगा हातात घेतल्या आणि सुपात ओतल्या. "बसा, मास्तरीनबाय," मला म्हणाल्या. चहा आला. काका कपाकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "मॅडम, तुमी सांगा." मी सुरू केलं. सिनेमा, विद्यार्थी, संधी, संवेदनशील विषय. माझे मलाच शब्द ऐकू येत होते आणि लाज वाटत होती. ती बाई शेंगा सोलत ऐकत होती. दोन मिनिटांनी काकांनी मला हाताने थांबवलं.

"भाभी, तीनचं रीडिंग मी अडीचला लिवलं व्हतं. उस्माननं ते बघितलं आणि झाकण उघडलं."

शेंगा सोलायच्या थांबल्या नाहीत. "मना ठावं हाय," त्या म्हणाल्या.

काकांनी कप खाली ठेवला.

"चार दिवस हास्पिटलात बोलत होता ना तो. बोलला, जनूनं लिवला, पन मीपन तसाच लिवतंय, त्याचा नाव काडू नको. त्याला दोन पोरी हायत लग्नाच्या." त्यांनी एक किडका दाणा बाजूला टाकला. "दर साल तुमी शेंगा घेऊन यायचे. मना वाटायचा आज बोलाल. मंग वाटायचा, नाय बोलले तं बरा."

मी संमतीपत्र पिशवीत परत ढकलत होते, ते भाभींनी पाहिलं. हात पुढे करून घेतलं. वाचता येत होतं की नाही मला माहीत नाही, पण बराच वेळ धरून बसल्या.

"शकीलचा काय होल?" त्यांनी विचारलं.

शकील त्यांचा मुलगा. बाप गेल्यावर कंपनीने त्याला घेतलं होतं. कागदावर लिहिलेलं होतं, चूक मयताची असूनही माणुसकी म्हणून. आता पोरगा त्याच प्लांटवर होता, बापाच्याच टाकीवर, नुकताच कायम झाला होता. त्याचं लग्न ठरत होतं.

"तुमची फिल्म कंपनीवाले बघतील," हमीदाभाभी म्हणाल्या. "माजा पोरगा दुसरे दिवशी घरी. तुमाला बोलायचा होता, बोललंत. मोकले झालंत. आता बाहेर नको, जनूभाय. हात जोडते मी."

"शकीलला ठावं हाय?"

"नाय. त्याला वाटतंय बापाची चूक. बापावर राग हाय त्याचा. ऱ्हाऊं दे राग. रागानं तरी संबालून काम करील."

काकांनी खाली ठेवलेला कप उचलून चहा संपवला. मग त्यांनी विचारलं, "भाभी, शकील तीनचं रीडिंग कदी लिवतो?"

भाभींनी पहिल्यांदाच सूप खाली ठेवलं. "ता मना काय ठावं? तुमी इचारा त्याला."

"काय सांगून इचारू?"

भाभींनी रिकामे कप उचलले. आम्ही उठलो. दारात भाभींनी पिशवी परत दिली, तिच्यात थोडे तांदूळ घातलेले होते. काकांनी ते घेतले. नाही कसं म्हणायचं हे त्यांना कधी कळलंच नव्हतं, ना कंपनीत, ना तिथे.

पुढे सगळं रीतसर झालं. संमती नाही म्हटल्यावर संयोजकांनी गटाला गोष्ट बदलायची मुभा दिली. स्नेहलने आठवड्यात नवी लिहिली. मूर्तींच्या कारखान्यात खून, टँकरच्या पाइपने पाडलेला पाऊस, लाल साडी. मांडण्यांवर ताडपत्र्या टाकून भर दुपारी अंधार केला, कारण मुलींना संध्याकाळच्या आत घरी पोचायचं होतं. काका दोन्ही दिवस हजर होते. उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरतात, तो धरून उभे. कॅमेरामन म्हणाला की इतका स्थिर हात आम्हाला मुंबईतही मिळत नाही. सिनेमा बरा झाला. कौतुकाचं एक प्रमाणपत्रही मिळालं, ते आमच्या ऑफिसात लावलेलं आहे आणि त्याखालून जाताना मी मान वर करत नाही.

तिसऱ्या वर्षाला काका आले नाहीत. फोन केला तर त्यांची बायको म्हणाली, "कधी सकाळी जातात, कधी दुपारी. कॉलेजलाच येतात ना?"

मार्चमध्ये परीक्षेच्या कामाला मला रोह्याला जावं लागलं. परतताना रिक्षा एमआयडीसीतून आली आणि एका गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली काका उभे दिसले. मी रिक्षा सोडली. पावणेतीन वाजत आले होते. कंपनीची बस आत तोंड करून उभी होती.

"शकील आज पहिल्या शिफ्टला हाय," त्यांनी मला न विचारताच सांगितलं. "तीन वाजून गेल्यावर धावत आला, हात तसेच, तं समजायचं रीडिंग तीनला घेतलं. आधी आला, नीट आवरून, तं लिवून ठेवलंय."

"तुम्ही त्याला सांगत का नाही? बाकीचं नको, एवढंच सांगा, आगाऊ लिहू नकोस म्हणून."

"सांगितलं. तो बोलला, काका, सगळे लिवतात. तुमी कदी नाय लिवलं?"

"मग?"

"मग काय बोलणार."

आम्ही उभे राहिलो. तीनला पाच कमी असताना गेटमधून तीन-चार जण बाहेर आले. त्यात एक उंच, सावळा मुलगा होता. केस ओले करून मागे फिरवलेले, अंगात धुतलेला टी-शर्ट. त्याने काकांना बघून हात केला. "काय काका, आजपन?" आणि हसत बसमध्ये चढला.

काका रस्ता ओलांडून गेटवर गेले. मी मागोमाग गेले. वॉचमन खुर्चीतून उठलाही नाही.

"आत फोन लाव," काका म्हणाले. "नवीन शिफ्टवाल्याला सांग, झाकण उघडायच्या आधी परत एकदा टेंपरेचर बघ. रजिस्टर बघू नको. टाकी बघ."

"काका, रोज काय हे. पास हाय का तुमच्याकडं?"

"पास नको. फोन लाव फक्त."

वॉचमनने माझ्याकडे बघितलं. बहुतेक त्याला वाटलं मी घरची आहे. मग त्याने रिसीव्हर उचलला, कानाला लावला, थोडा वेळ धरला आणि ठेवला. "सांगितलं," तो म्हणाला. त्याने नंबर दाबला नव्हता. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं तर काकांनीही पाहिलंच असणार.

काका त्याला 'थँक्यू' म्हणाले. बस निघून गेली. मग आम्ही दोघं त्या गेटच्या बाहेर, आतल्या टाक्यांकडे बघत, साडेतीन वाजेपर्यंत उभे राहिलो.